तीन निर्दोष रिपोर्ट

"तिन्ही रिपोर्टांच्या नकला शिक्के मारून द्या, वकिलांना द्यायच्यात," असं म्हणत सासूने लॅबच्या खिडकीतून अर्ज आत सरकवला. मागे तिचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. सून भिंतीकडच्या बाकावर बसली होती. सगळं तिच्याविषयीच चाललं होतं, आणि तिच्याकडे कुणी पाहतही नव्हतं.

टेक्निशियनबाईंनी फाइल काढली. तीन वर्षांत तीन गर्भपात. तिन्ही वेळा पडलेल्या गर्भाचा तुकडा याच लॅबमध्ये आला होता. तिन्ही वेळा गुणसूत्रं तपासून झाली होती आणि खाली बाईंचीच सही होती. 'गर्भ मुलीचा. गुणसूत्रं निर्दोष.'

"तीन धडधाकट लेकरं हिच्या पोटातच गेली, मॅडम," सासू म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, बाळात खोट नाही म्हणजे हिच्यातच असणार. आता वकिलांनी एकदा मोकळं केलं, की मुलाचं दुसरीकडे बघायला बरं."

मुलाने मान वर केली नाही. बाईंना सासूपेक्षा त्याचाच राग जास्त आला.

पण त्यांची नजर त्या तीन ओळींवर अडकली होती. तीनदा मुलगी, तीनदा निर्दोष. असं होऊ शकतं, नाही असं नाही. फक्त चार वर्षांपूर्वी लॅबच्या साहेबांनी एक काम बंद केलं होतं. आलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि चिमट्याने निवडायचा. शेवाळासारखे पांढरे धागे बाळाचे, बाकीचं रक्ताळलेलं अस्तर आईचं. एकेका तुकड्याला अर्धा तास जायचा. साहेबांना तेवढा धीर नव्हता. मशीन आहे ना, मशीन बघून घेईल, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. बाईंनी तेव्हा एकदा कुरकुर केली आणि मग मूग गिळून गप्प बसल्या. तांदूळ निवडायचे असते तर घरी त्यांनी हा आळस चालू दिला नसता.

नकला गुरुवारी मिळतील, असं त्यांनी सासूला सांगितलं. मग बाहेर येऊन त्या सुनेजवळ बसल्या. आपल्याला एक शंका आहे, फ्रीजरमधल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघायला एक नळी रक्त द्याल का, असं हळूच विचारलं. सुनेने कसली शंका तेही विचारलं नाही. फक्त बाही वर सारली. इतक्या सुया टोचून घेतल्यावर विचारायचं काही राहत नसावं. तिचा तो मुकाटपणा पाहून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या आगीत त्या स्वतःलाही सोडत नव्हत्या.

बुधवारी मशीनमधून आलेखाच्या चार पट्ट्या निघाल्या, तीन जुन्या नमुन्यांच्या आणि एक सुनेच्या रक्ताची. साहेबांनी त्या पाहिल्या आणि दार लावून घेतलं. जुनं उकरून काढायची गरज नाही, लॅबचं नाव जाईल, शिक्के मारा आणि मोकळ्या व्हा, असं त्यांनी समजावलं.

"खाली सही माझी आहे, साहेब," बाई म्हणाल्या, आणि दार उघडून बाहेर आल्या.

गुरुवारी तिघं पुन्हा आली. सासूने खिडकीतून हात पुढे केला. बाई खिडकीशी थांबल्याच नाहीत. पट्ट्या घेऊन त्या थेट बाकाकडे गेल्या आणि सुनेच्या मांडीवर एकाखाली एक मांडल्या. बाळ अर्धं आईचं घेतं, अर्धं बापाचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. म्हणून बाळाच्या पट्टीवरची निम्मी टोकं आईशी जुळतात, निम्मी जुळत नाहीत.

सुनेने बोट फिरवून पाहिलं. चारही पट्ट्यांवरचं प्रत्येक टोक जुळत होतं.

"म्हणजे काय?" सासू तिथूनच म्हणाली.

"म्हणजे बाळं आम्ही तपासलीच नाहीत," बाई म्हणाल्या. "चूक लॅबची आहे आणि माझी आहे. तिन्ही वेळा आम्ही ह्यांच्याच पेशी तपासल्या. ह्यांच्या गुणसूत्रांत दोष नाही, असं तीनदा लिहून दिलं. ह्यांच्या नवऱ्याचं रक्त मात्र अजून कुणी मागितलेलं नाही."

मोबाइल खिशात गेला. नवऱ्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. आता तिला त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. ती उठून खिडकीशी आली, सासूचा पुढे झालेला हात तिने हलकेच बाजूला केला.

"मग हे रिपोर्ट माझे झाले ना? शिक्के मारून माझ्याकडे द्या."