एस्क्रोची अट

"बोटीचे पैसे एस्क्रो खात्यात आहेत, पद्माताई," बँकेचे मॅनेजर म्हणाले. "बोट विकत घेणाऱ्याला ते परत काढता येत नाहीत, आणि अट पुरी झाल्याशिवाय आम्हाला तुम्हालाही देता येत नाहीत."

बोट नवऱ्याच्या नावावर होती. वादळात ती रिकामीच परत आली, तो आला नाही. तो मेल्याचा कोर्टाचा दाखला आणायचा, हीच अट.

पद्माने पुष्कळ टाळलं. शेवटी सासूची नजर पार जायला आली, तेव्हा कोर्टात उभी राहून 'तो गेला' असं ती शपथेवर म्हणाली.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर सासूने विचारलं, "एवढे पैसे कुठनं आणलेस गो?"

पद्माच्या तोंडून निघून गेलं, "त्यांनीच पाठवले."

आता म्हातारीला लांबचं स्पष्ट दिसतं. रोज ती बंदरावर बसून येणारी प्रत्येक बोट न्याहाळते. जेवायला बोलवायला पद्माच जाते.