शंभर फुटांवरून

"फ्लॅश न्हाई चालणार," काशाप्पा तिसऱ्यांदा म्हणाला. "चमकलं की आत पळंल. मग आठ दिस भाईर येणार न्हाई."

शिवशंकरने काउंटरवर दोन लेन्स मांडल्या होत्या. एक नवी, हलकी, तीनशे एमएमपर्यंत लांब खेचणारी. दुसरी जुनी, दोनशेपर्यंतच जाणारी, पण तोंड वाटीएवढं रुंद आणि वजन असं की मनगट भरून यावं. बिदरच्या बाजारात वीस वर्षं कॅमेरे विकून आणि फोटो छापून शिवशंकरला एक घमेंड आली होती. गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघून त्याच्या मनातलं ओळखतो, असं तो चारचौघांत सांगायचा. काशाप्पाचं तोंड मात्र आज त्याला वाचता येत नव्हतं.

काशाप्पा मन्नाएखेळ्ळीकडचा. घरची मेंढरं, थोडं रान, आणि लग्नसराईत गावोगावचे फोटो. तीन वर्षांपूर्वी त्याची प्रतीक्षा गेली आणि त्याने कॅमेरा पेटीत घातला. एकुलती एक लेक, कलबुर्गीला कॉलेजात होती. हार घालायचा तिचा मोठा फोटो शिवशंकरनेच करून दिला होता. भुवईवरचा तीळ पुसट आला होता, तो त्याने डोळ्यांत तेल घालून ठळक केला होता. पण फोटो न्यायला आला तेव्हा कपाळभर भंडारा लावलेल्या काशाप्पाने तो उलटा धरूनच कागदात गुंडाळायला लावला. बापाच्या काळजाला काय विचारायचं?

आता त्याची बायको बाणूबाई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. लहानपणी मेंढरांमागे हिंडताना माळावर हरणं दिसायची, ती एकदा डोळे भरून बघायचीत, एवढंच तिचं मागणं आहे, असं काशाप्पाने सांगितलं. हल्ली दिवेलागणीला एक पाडसवाली हरणी दिसते म्हणे. मोबाइलमध्ये तिचा नुसता ठिपका येतो.

"मग जवळ कामून जात न्हाई?"

"जवळ जाता येत न्हाई."

"लांब किती?"

"शंभर फूट असंल. मधी रस्ता हाय."

हरणं रस्त्याकडेला येतात हे शिवशंकरला नवंच होतं. पण बाणूबाईचं ऐकल्यावर त्याने फाटे फोडले नाहीत.

"तर मग ही नवी नको, अप्पा. लांब खेचली की उजेड कमी घेती ही. दिवेलागणीला सगळं काळं येतंय. ही जुनी शेवटपर्यंत उजेड तेवढाच घेती. हात हलला तर मात्र सांभाळत न्हाई, म्हणून तर या नवीच्याच भावात मिळती."

"स्टँडवर लावणार हाव." काशाप्पा जरा घुटमळला. "डोळा न लावता येतंय का फोटो? नेम कॅमेऱ्यानंच धरला पाहिजे."

"ते कामून?"

"मोतीबिंदू हाय."

मग त्याने लेन्स हातात घेतली, उलटीपालटी केली आणि कडेवरचा उजेडाचा मुंगीएवढा आकडा चष्म्याशिवाय वाचला. "दोन पॉइंट आठ. हीच द्या."

त्यासाठी त्याने दोन एडके विकले होते. तेवढ्यात नवी कोरी वॉरंटीसकट आली असती.

"एवढा खर्च कशाला? माझा माणूस पाठवतो की," शिवशंकर म्हणाला.

"दुसरा न्हाई पाहिजे. आन् कुणाला सांगू बी नका."

"शिकार तर करायलाव न्हाई ना? उचला बघू बेलभंडारा!"

काशाप्पाचा चेहरा एकदम उतरला. "बेलभंडाऱ्याची थट्टा नको, शिवाण्णा."

शिवशंकरने जीभ चावली. या माणसाने एकदा बेलभंडारा उचलून, देवाची शपथ घेऊन दारू सोडली होती. त्याला वीस वर्षं झाली, पुतण्याच्या वरातीतसुद्धा थेंबाला शिवला नाही. असल्या माणसाशी कशाची थट्टा करावी याला काही धरबंध हवा.

काशाप्पा बाराव्या दिवशी परत आला. गाल बसले होते, दाढी वाढली होती. खिशातून बसच्या तिकिटांचा बोळा निघाला, आणि त्यात जपून ठेवलेलं कॅमेऱ्याचं कार्ड.

"एकच छापा. चांगला असंल तो. तुम्हीच निवडा."

"तुम्ही बघितलं न्हाई?"

"न्हाई."

"अक्का कशा हायत?"

"दाराकडं बघत पडलीय. जरा घाई करा."

एवढं बोलून तो दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

शिवशंकरने कार्ड लावलं. पहिल्या फोटोत एक निळं दार होतं. बंद. दुसऱ्यात तेच. मग ट्रकचा धूसर पट्टा, मग पुन्हा दार. पन्नास झाले, शंभर झाले. ना माळ, ना हरणी. बिचाऱ्याने डोळा न लावता भलतीकडेच नेम धरला, आणि आता हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तोंड नीट आलंय का?" पायरीवरून काशाप्पाने विचारलं. वळला मात्र नाही.

शिवशंकरने पुढचा फोटो उघडला. दार उघडं होतं. उंबऱ्यावर, आतल्या दिव्याच्या उजेडात, कडेवर लेकरू घेऊन एक तरुण बाई उभी होती. लेन्सने काम चोख केलं होतं. लेकराच्या मुठीतला पदर, तिच्या कपाळावर आलेली बट, सगळं लख्ख दिसत होतं. आणि भुवईवर तोच तीळ होता.

"अप्पा..." शिवशंकर खुर्चीतून उठला. "अहो, या की इकडं. बघा तरी."

"मला न्हाई बघता येत. घर सोडून गेली तवा तिचं तोंड बघणार न्हाई म्हणून भावकीसमोर बेलभंडारा उचललाय म्या," काशाप्पा पाठमोराच म्हणाला. "बाणूनं न्हाई उचललेला."