शाईची रेघ

डॉ. हेस्कॉट प्रयोगशाळेत आले ते थेट विद्यार्थिनी ओडेसाचं नाव काढा, असं मिस प्रिंगलना सांगायलाच. शोधनिबंधावरून काढा आणि प्रयोगाच्या नोंदवहीवरूनही. आवाज मात्र अगदी गोड. निबंध अटलांटातल्या गोऱ्यांच्या हॉटेलात वाचायचा होता आणि तिथं काळ्या मुलीला पुढच्या दारानं कुणी आत घेणार नव्हतं. उगाच पोरीचा अपमान कशाला, शेवटी तिचे आभार मानू की, असं त्यांचं म्हणणं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

ओडेसा व्हिटफील्ड चार पावलांवर चंचुपात्रं धूत होती. कापसाच्या मुळांतून निबंधातला तो पिवळा पदार्थ शुद्ध करून काढायला तिनं सात महिने घालवले होते. त्या सात महिन्यांत विभागप्रमुख हेस्कॉट दोनदा डोकावले होते, दोन्ही वेळा पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला.

तिच्या शिक्षिका मिस प्रिंगल म्हणाल्या, नाव राहील. तेव्हा हेस्कॉटांनी आठवण करून दिली की बाईंच्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीवर सही आपलीच लागते. सव्वीस वर्षं शिकवून अजून सहायकच राहिलेल्या बाईंना हे ऐकवायला निर्लज्जपणाच लागतो.

मग हेस्कॉटांनी वहीचं ओडेसाच्या नावाचं पहिलं पान फाडायला चिमटीत धरलं. बाईंनी त्यावर तळहात ठेवला.

"फाडायचं नाही, सर. एक रेघ मारा, खालचं अक्षर दिसलं पाहिजे. बाजूला सही आणि तारीख." त्यांनी शाईचं पेन पुढे केलं.

हेस्कॉट हसले. हे नियम ते याच मेजावर, याच बाईंकडून शिकले होते. त्यांनी नावावर रेघ ओढली, सही केली, तारीख घातली.

"आणि कारण," बाई म्हणाल्या.

"कारण तुम्हाला ठाऊक आहे, प्रिंगलबाई."

"मला आहे. वहीला नाही. लिही, एडविन."

विभागप्रमुख झाल्यापासून त्या खोलीत त्यांना कुणी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. पेन कागदावर टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. शाईचा ठिपका पडला, शब्द काही उमटेना. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

ओडेसानं हात पुसले. कुणाकडे बघितलंही नाही. पेन उचलून तिनं त्या रेघेखाली आपलं पूर्ण नाव पुन्हा लिहिलं, तारीख घातली आणि कारणाच्या जागी लिहिलं: आधीची नोंद बरोबर होती.