बसलेला घसा

वस्तीला नळ मिळावा म्हणून घोषणा देऊन देऊन आमच्या पुढाऱ्याचा घसा पार बसला. सगळे त्याला लाडाने भोंगाच म्हणायचे. "आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही," डॉक्टरांनी दम भरला.

नेमकी त्याच आठवड्यात पाणीखात्याच्या साहेबांशी बैठक होती. साहेब सवयीने तावातावाने सुरू झाले, पण समोरून उत्तरच येईना. भोंगा आपला मान हलवत ऐकत होता. हळूहळू साहेबांचा आवाज खाली आला. वरचा दबाव, अपुरी माणसं, उडालेली झोप, सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "इतकं कुणी ऐकूनच घेत नाही हो. सोमवारपासून तुमच्या नळाचं काम सुरू करतो."

घरीही तेच. जेवताना बायको वर्षानुवर्षं साठलेलं बोलू लागली, ती दोघांचे हात वाळले तरी थांबेना.

आठवडा संपल्यावर डॉक्टरांनी घसा तपासला. "अरे वा! आवाज एकदम मोकळा झालाय. आता खुशाल बोला."

 

भोंगा घाईघाईने कुजबुजला, "हळू, डॉक्टर! बाहेर बायको बसलीय. तिचं अजून बोलून व्हायचंय."