आपल्यात कसले पैसे

"हर्षला, बुकिंगचं बटण हिरवं कर गं. आणि तो स्विमिंग पूल जरा मोठा दाखव. एवढंसंच काम हाय," हरेश म्हणाला आणि ओटीवर बसूनच त्याने चहाचा दुसरा कप घेतला.

"करते काका," हर्षला म्हणाली.

शेजारी बसलेल्या ऋतिकाने तिला चिमटा काढला. दोघी मैत्रिणी पोशीर गावात बसून पुण्या-मुंबईच्या लोकांच्या वेबसाइट बनवायच्या. त्या लोकांकडून हर्षला अर्धे पैसे आधी घ्यायची. हरेशकाकाने मात्र भिवपुरीजवळ रिसॉर्ट काढलं तेव्हापासून एक रुपया दिला नव्हता. आधी वेबसाइट झाली. मग ती मराठीत झाली. मग रंग बदलला. मग ज्योतिषाने सांगितलं म्हणून परत पहिला रंग आला. पैशांचा विषय एकदाच निघाला होता, तोही सत्यनारायणाच्या पंगतीत. तेव्हा हरेश सगळ्या भावकीसमोर मोठ्याने म्हणाला होता, "आपल्यात कसले पैसे? आपण एकमेकांच्या उपयोगी पडायचं."

भावकीने माना डोलावल्या होत्या. हर्षलानेही डोलावली होती.

हरेशची गाडी गेल्यावर ऋतिका म्हणाली, "तू येडी हायस का गं? उद्या तो तुझ्याकडून टॉवेल धुऊन घेईल."

हर्षला हसली आणि बटण हिरवं करायला बसली.

घरात काळजी दुसरीच होती. राबातली भाताची रोपं जून व्हायला लागली होती आणि लावायला माणसं नव्हती. वाढीव मजुरी देतो म्हटलं तरी कोणी मिळेना. कोणी माथेरानच्या हॉटेलात, कोणी खालापूरच्या कारखान्यात. गावातली लावणी सावडीवर चालायची. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. दिवसाला दिवस. या घराची सावड हर्षलाची आई, मोतीबाई, सांभाळायची. ती सगळ्यांच्या शेतात जायची, म्हणून सगळे तिच्या शेतात यायचे. ती गेली आणि ते येणंजाणं थांबलं. हर्षलाचे बाबा बुधाजी एकटे पडले. मागच्या वर्षी वरचं खाचर पडीक राहिलं. त्याच खाचराच्या बांधावर बसून मोतीबाई दुपारची भाकरी खायची. आता बुधाजी तिकडे बघायचं टाळायचे. यंदाही ते तसंच राहणार, असं दिसत होतं.

शनिवारी सकाळी बुधाजी रिसॉर्टच्या फाटकात जाऊन उभे राहिले. बरोबर हर्षला होती. मागे भावकीतली चार माणसं होती, गंमत बघायला आलेली. आत पाहुणे नाश्ता करत होते.

"हरेश, उद्या आमची लावणी हाय. सावड फेडायला ये," बुधाजी म्हणाले.

"कसली सावड, दादा? मी कधी घेतली?"

"पोरीनं दिली की. दिवसचे दिवस बसली तुझ्या कामाला. आपल्यात कसले पैसे, असं तूच बोललास. मग पैसे न घेता केलेल्या कामाला आपल्या गावात काय म्हणतात रं?"

हरेशने भावकीकडे बघितलं. सावड बुडवणाऱ्याच्या दारात पुढे कोणी येत नाही, लग्नालाही नाही आणि मयतालाही नाही. हे त्याला नव्याने सांगायची गरज नव्हती.

"मॅनेजरला पाठवतो," तो म्हणाला.

"मग काका, तुमचं पुढचं काम करायला मी बाबांना बसवते," हर्षला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हरेश आला. एकट्याने एवढे दिवस फिटले नसते, म्हणून बायको सुरेखा, मॅनेजर आणि स्वयंपाकघरातली दोन माणसंही आणली. पांढरे बूट बांधावर ठेवून तो चिखलात उतरला. सुरेखाचा हात लावणीला अजून चालत होता. तिने नवऱ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"अहो, मागं सरका, मागं! लावलेली रोपं तुडवत कुठं चाललात?"

रिसॉर्टचे पाहुणेही आले आणि बांधावर उभे राहून फोटो काढू लागले. दुपारपर्यंत हरेशची कंबर धरली. त्याने चिखलाच्या हाताने खिशातून मोबाइल काढला.

"दादा, सगळे पैसे आत्ता टाकतो. बोल किती. पण मला सोड."

बुधाजींनी त्याच्या दुसऱ्या हातात रोपांची नवी मूठ ठेवली.

"येडा हायस का रं? आपल्यात कसले पैसे?"

बांधावर ऋतिका पोट धरून खाली बसली. बुधाजीही हसले, खूप दिवसांनी. हसता हसता त्यांनी सवयीने डावीकडे, मोतीबाईच्या जागेकडे बघितलं. तिथे सुरेखा होती. ते परत वाकले आणि रोपं लावू लागले.

संध्याकाळी खालची सगळी खाचरं हिरवी झाली होती. वरचं तेवढं राहिलं होतं. हरेशने ओढ्यात पाय धुतले.

"फिटली ना सावड, दादा?"

बुधाजी खोटं बोलणारे नव्हते. "फिटली," ते म्हणाले आणि वरच्या खाचराकडे पाठ करून बसले.

हरेश लंगडत गाडीकडे निघाला. वाटेत एका पाहुण्याने त्याला मोबाइल दाखवला. फोटोत हरेश चिखलात वाकला होता, हातात रोपांची मूठ, मागे माथेरानचा डोंगर. हरेशने फोटो मोठा करून बघितला. पुन्हा बघितला. मग तो मागे वळला.

"हर्षला, हा फोटो वेबसाइटवर टाक गं, पहिल्याच पानावर. एवढंसंच काम हाय."

"करते काका," हर्षला म्हणाली, आणि बुधाजींनी मान वळवून वरच्या खाचराकडे बघितलं.