आत्याची प्रतिकृती

"आज पुन्हा मेले का गं मी?" आत्याने दवाखान्याच्या खाटेवरून हसत विचारलं.

शाल्मलीला हसू आलं नाही. पीएचडीनंतर फेलोशिप मिळवून ती संगणकात रुग्णांच्या शरीरांच्या प्रतिकृती घडवत होती. औषध आधी प्रतिकृतीला द्यायचं, मगच माणसाला. तिला लहानाचं मोठं करणाऱ्या आत्याच्या कर्करोगावर आजवर एकही औषध चाललं नव्हतं. प्रतिकृती दर वेळी दगावत होती.

"नाही आत्या, आज तू वाचलीस," शाल्मली म्हणाली. "पण त्या औषधाने तुझी नजर गेली. कायमची."

आत्या खिडकीबाहेर फुललेल्या बहाव्याकडे बघत राहिली.

"औषध उद्या दे," शेवटी ती म्हणाली. "आज अशी समोर बस. डोळे भरून बघू दे तुला."

शाल्मलीने लॅपटॉप मिटला आणि खुर्ची जवळ ओढली.