एका घावात

वेल्डिंगच्या परीक्षेत झाकणं जोडून पाइपाची दोन्ही तोंडं बंद करायची होती. मी केली. सरांनी लांबूनच पाहिलं. “जोड कच्चा. एका घावात सुटेल. नापास! तू आपली काकांच्या कापडदुकानात घड्या घाल, बाई.” मग ते स्कूटरची किल्ली शोधू लागले. दिसेल त्या पाइपात किल्ली ठेवायची त्यांची सवय अख्ख्या वर्गाला ठाऊक होती. मी माझा पाइप हलवला. आत खुळखुळलं. सरांनी हातोडा उचलला. पहिला घाव, दुसरा घाव. मुलं मोठ्याने मोजू लागली. एकविसाव्याला दांडा तुटला, झाकण हललं नाही. “कटर आण,” सर घाम पुसत म्हणाले. “कटर कशाला, सर? जोड कच्चा आहे ना? मारा अजून एक.” सरांनी गुणपत्रिकेवरचं ‘नापास’ खोडून ‘पास’ लिहिलं, सहीसकट. मग मी कटर चालवला, दोन्ही जोडांना धक्का न लावता, बरोबर मधोमध.